भिजू नये अशी माती

माझं माहेर पेणचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं. काकांचा गणपतीचा कारखाना घराला लागूनच. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं शाडूच्या पोत्यांवर लोळायचो, आणि कितीही हात धुतले तरी नखांत पांढरं राहायचंच. माती कालवायला, पाट पुसायला, पांढऱ्याचा हात मारायला आम्हाला बसवत. आखणीच्या वेळी मात्र पोरांना तिथं थारा नसे. डोळे काढायचे ते काकांनी, दार लोटून, रेडिओ बंद करून.

लग्नानंतर पुणं, आणि मग नवऱ्याच्या नोकरीपायी चीनमधलं वूशी. शांघायहून वेगवान गाडीनं पाऊण तासाच्या आत येणारं हे शहर. पलीकडे थायहू सरोवर, अलीकडे कारखानेच कारखाने. सव्वा वर्ष झालं तरी माझं जग म्हणजे भाजीबाजार, मुलाची शाळा आणि फोनमधलं भाषांतर. हुइशान नावाची टेकडी आहे, तिच्या पायथ्याशी जुनं गाव आहे, इतकंच ऐकून होते. एका शनिवारी मुलाच्या वर्गाची सहल तिथं होती, सोबतीला पालक हवे होते, म्हणून गेले.

गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर साठी उलटलेल्या एक बाई मातीच्या पोराला भुवया काढत होत्या. डावा हात मूर्तीच्या बुडाखाली, उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालाला टेकलेली. काका अगदी असंच धरतात. सहल पुढे निघून गेली, मी तिथंच. दोन्ही भुवया होईपर्यंत बाईंनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "बघायचं तर बघ, पण उजेड सोड."

माझं चिनी मोडकंतोडकं आणि त्यांच्या बोलण्यात वूशीची बोली मिसळलेली. तरी माझ्या घरचे लोक मातीच्या मूर्ती करतात एवढं मी त्यांच्या गळी उतरवलं. त्यांनी माझा हात ओढून तळवा पाहिला आणि म्हणाल्या, "तू तर नाही करत." बरोबरच होतं. आडनाव विचारलं. म्हात्रे म्हटल्यावर त्यांनी पहिलं अक्षर तेवढं उचललं. 'मा' म्हणजे घोडा. त्या दिवसापासून मी 'श्याओ मा', धाकटा घोडा. मी त्यांना शिफू म्हणू लागले. हाताच्या कारागिराला तिथं असंच म्हणतात, बाई असो की बुवा. चार शनिवारांचे पैसे त्यांनी रोख आणि आगाऊ घेतले. झाले चौदा शनिवार, पण पुन्हा पैसे मागितले नाहीत.

पहिल्या शनिवारी मूर्तीचं नावसुद्धा निघालं नाही. नुसती माती. मला वाटलं होतं, माती मला कोण शिकवणार! शिफूंनी मोरीतल्या रांजणातून ओला, काळपट गोळा काढला आणि लाकडी मोगरी हातात दिली. ठोक. पसरला की घडी घाल, पुन्हा ठोक. तासाभरात खांदे भरून आले. मधेच त्या गोळा तारेनं कापून आतला भाग बघत. रंग सगळीकडे एकसारखा हवा, आणि हवेचं एकही भोक नको. ही माती हुइशानच्या ईशान्य पायथ्याची. वरची शेतजमीन काढली की हातभर-दोन हात खाली हा काळा थर लागायचा. आता त्या भातखाचरांवर इमारती उभ्या आहेत, त्यामुळे जुनी साठवलेली माती लोक तुपासारखी जपून वापरतात. माझ्या हातून एक ढेकूळ फरशीवर पडलं, तर शिफूंनी ते उचलून, पुसून परत रांजणात टाकलं.

मग त्यांनी एक गंमत दाखवली. मातीची करंगळीएवढी वळी केली, ती वाकवली, पीळ दिला आणि चक्क गाठ मारली. कुठं तडा नाही. "वाकते, तुटत नाही. वाळते, भेगाळत नाही," असं त्यांनी पाढा म्हणावा तसं म्हटलं. शाडूची अशी वळी करून वाकवली तर कडेला लगेच चिरा पडतात. शाडू साच्यातच शोभतो. मी फोनवर त्या गाठीचा व्हिडिओ घेतला, काकांना दाखवायला.

यातली कोणतीही मूर्ती भाजत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मी भट्टी शोधत होते. शिफू हसल्या. सावलीत वाळवायची, रंगवायची, झालं. चारशे वर्षांहून जास्त काळ हे असंच चाललंय. मिंग काळाच्या अखेरीस झांग दाई नावाच्या लेखकानं हुइशानच्या दुकानांत काय काय मिळतं याची यादी लिहून ठेवलीय, तिच्यात झऱ्याच्या पाण्याची दारू, मडकी, शेगड्या आणि मातीची माणसंही आहेत. झरा म्हणजे इथला तो प्रसिद्ध 'दुसरा झरा'. चहाच्या पाण्यासाठी देशात दुसरा नंबर, असा थांग काळापासून त्याचा लौकिक. झऱ्याभोवती मोठमोठ्या घराण्यांनी आपापल्या पूर्वजांची स्मृतिमंदिरं बांधली, अशी शंभराहून जास्त. त्यांची झाडलोट करायला नेमलेले राखणदार वर्षातले बरेच दिवस रिकामेच असायचे. पायाखाली ही माती, समोर सणाला येणारी गर्दी. त्यांनी खेळणी करायला घेतली. म्हणजे या कलेचे मूळपुरुष कुणी दरबारी शिल्पकार नव्हते, देवळाचे गुरव म्हणा ना! मला हे फार आवडलं. शिफूंचं आजोळही तशाच एका राखणदाराचं.

या मालाचे दोन वर्ग आहेत आणि नावं अगदी रोखठोक: जाडा माल आणि बारीक माल. जाडा म्हणजे साच्यातला, मुलांच्या हातात द्यायचा, स्वस्त. बारीक म्हणजे हातानं घडवलेली नाटकातली पात्रं. मला अर्थातच जाड्या मालावर बसवलं, आणि जाड्या मालाचा राजा म्हणजे आ-फू. गुबगुबीत, मांडी ठोकून बसलेलं, मांडीवर हिरवा सिंह घेतलेलं पोर. गोष्ट अशी, की हुइशानमध्ये हिंस्र जनावरं फार माजली होती, तेव्हा एक दैवी बालक आलं. ते नुसतं हसलं की जनावर आपणहून त्याच्या कुशीत शिरायचं. पुस्तिकांत गोष्ट इथं संपते. शिफूंनी पुढचं सांगितलं: "आणि मग ते पोर त्या जनावराला खाऊन टाकायचं." त्या म्हणाल्या, हे लक्षात ठेवून हसू काढायचं.

दुसऱ्या शनिवारी साचा. प्लॅस्टरचा, पुढचा आणि मागचा असे दोन भाग. पोळीसारखी माती लाटायची आणि साच्यात अंगठ्यानं दाबत जायचं, मधून कडेकडे. हे मी डोळे मिटून करू शकते असं मला वाटत होतं. मी नाकात आणि गालांत माती नीट भरली, पण कानांच्या मागे पातळ राहिली. दोन्ही भागांच्या कडा खरवडल्या, पातळ चिखल लावला, साचे एकमेकांवर बसवले. बुडाला भोक ठेवलं. साचा उघडला तेव्हा आ-फू बाहेर आला खरा, अगदी अख्खा. बांबूच्या पातीनं जोडाची शीर तासली, ओल्या बोटानं पुसली. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायला गेले, तर शिफू म्हणाल्या, "वाळू दे आधी."

तो जूनचा दुसरा आठवडा होता. या भागात आलुबुखार पिकायच्या दिवसांत पाऊस लागतो, म्हणून त्याला आलुबुखाराचा पाऊस म्हणतात. कोकणासारखा कोसळत नाही, नुसता झिमझिमत राहतो. भिंती घामेजतात, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. मी मूर्ती घरी आणली होती, आणि तीन दिवसांत तिच्या डोक्यावर करडी लव आली. मी शहाणपणा करून ती एसीच्या झोतासमोर ठेवली. सकाळी उजव्या कानापासून मानेपर्यंत चीर.

शनिवारी कापडात गुंडाळून नेली. "तुम्ही तर म्हणालात माती भेगाळत नाही," मी म्हटलं, थोडं रागातच. शिफूंनी चिरेत नख घातलं. "माती कुठं भेगाळलीय? तुझा जोड सुटलाय." त्यांनी मूर्ती पाण्याच्या घमेल्यात सोडली. माझा दोन आठवड्यांचा आ-फू पंधरा-वीस मिनिटांत बसल्या जागी ढासळला. आधी गाल, मग सिंह. मी पेणची मुलगी, मूर्ती विरघळताना बघत मोठी झालेली, तरी ते बघवेना. आमच्याकडे विरघळते त्या मूर्तीला निरोप दिलेला असतो. इथं नुसता चुकीचा जोड होता. चिखल गाळून परत रांजणात गेला.

पावसाचे ते चार आठवडे दुसरी मूर्ती वाळत होती, माझ्या घरी नाही, शिफूंच्या माळ्यावर. रोज थोडी फिरवायची, उन्हात नाही, वाऱ्यात नाही. तोवर त्यांनी मला बारीक मालाची चव दाखवली. चवच म्हणते, कारण त्यात माझ्या हाती काही लागलं नाही. नाटकातलं पात्र पायांपासून सुरू करायचं. आधी जोडे, मग विजार, मग अंग, त्यावर झगा. खालून वर, आतून बाहेर. झगा म्हणजे मातीची पापुद्र्याएवढी पोळी, कापड नेसवावं तशी नेसवायची. चुण्या पडतील तिथं पडू द्यायच्या, कोरायच्या नाहीत. हात वेगळे करून खुपसायचे, डोकं सगळ्यात शेवटी. शिफूंनी बोलता बोलता लांब बाहीचा एक हात केला. बाही अशी ओघळलेली, की आत मनगट आहे असं वाटावं. माझ्या पात्राला गुडघेच नव्हते. 'हे उभं आहे की पुरलंय?' असं फोनमधल्या भाषांतरानं मला सांगितलं. भाषांतर चुकलं असावं, अशी मी मनाची समजूत घातली.

हे काम मोठं केलं ते चिंग काळाच्या अखेरीस. डिंग आ-चिन आणि चौ आ-शंग ही त्यातली मोठी नावं. समोर खुन्छू या जुन्या संगीतनाटकाचे आणि पुढे पेकिंग ऑपेराचे खेळ व्हायचे, हे लोक प्रवेशच्या प्रवेश मातीत उतरवायचे. आपल्या काळात यू श्यांगल्यान आणि वांग नानश्यान या दोघींची जोडी. एकीनं घडवायचं, दुसरीनं रंगवायचं, आणि हे कैक वर्षं. शिफू त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. इथं एक म्हण आहे, तीन हिस्से माती, सात हिस्से रंग. त्यामुळे घडवणारीपेक्षा रंगवणारीचा मान कमी, असं इथं कुणी म्हणत नाही.

चीनमध्ये मातीच्या बाहुल्यांचं दुसरं मोठं नाव तियानजिनचं, 'नीरेन झांग', म्हणजे मातीमाणसवाले झांग. एकोणिसाव्या शतकातल्या झांग मिंगशान यांच्यापासून चाललेलं घराणं. माणसासमोर बसून, बाहीतल्या बाहीत हुबेहूब चेहरा करायचे अशी त्यांची ख्याती. 2006 साली सरकारनं अमूर्त वारशाची पहिली यादी काढली, तिच्यात वूशी आणि तियानजिन दोन्ही आले. शिफूंना विचारलं, त्यांचं काम कसं वाटतं? "चांगलं आहे. माणसासारखं दिसतं." त्यावर आणखी काही बोलल्या नाहीत. मी इतके शनिवार त्यांच्याकडे बसले होते, मला टोमणा कळला.

मला स्वतःला विचाराल तर बारीक माल काचेमागे बघायला सुंदर, पण जीव लावावा तो जाड्या मालाला. शिफूंकडे एक जुनं मांजर आहे, रंग उडालेलं, डोळे मात्र वटारलेले. हा सगळा मुलूख रेशमाचा. घराघरांत किडे पाळायचे आणि उंदीर त्यांच्यावर टपलेले. म्हणून शेतकरी इथून मातीची मांजरं नेऊन किड्यांच्या खोलीत ठेवायचे, उंदरांना दहशत बसावी म्हणून. शिफूंच्या आईच्या घरचं ते मांजर. मी विचारलं, उंदीर घाबरायचे? त्या म्हणाल्या, "उंदरांचं माहीत नाही. मी घाबरायचे." आज रेशमाच्या खोल्या गेल्या, उंदीर गेले, तरी गल्लीत अशी मांजरं विकली जातात आणि लोक घेतात. शेजारच्याच दुकानात रेझिनचे आ-फू मिळतात, स्वस्त, पडले तरी न फुटणारे, पावसात भिजले तरी चालणारे. तेही खपतात. पण मी पायरीवर बसून बघितलंय. लोक रेझिनवाला लगेच घेऊन पिशवीत टाकतात. मातीचे मांडलेले असले की दहा-बारा हातात घेतात, खाली ठेवतात, पुन्हा पहिला उचलतात. साचा एकच, तरी प्रत्येकाचं हसू वेगळं असतं. आपलं पोर शोधावं तसं शोधतात. पेणला बाया गणपती पसंत करायला येतात तेव्हा अगदी हाच घोळ, आणि "हा माझ्याकडे बघतोय" म्हणत एकावर बोट ठेवतात.

जुलैच्या मध्याला मूर्ती वाळली. नखानं टिचकी मारली की कोरडा, हलका आवाज. पॉलिश पेपरनं घासली, पांढऱ्याचे दोन हात दिले. हे मात्र मला येत होतं, आणि शिफूंनी पहिल्यांदा "हं" म्हटलं. मग कातडीचा गुलाबी, मग झग्याचा लाल, सिंहाचा हिरवा. फिकट आधी, गडद नंतर, काळा शेवटी. रंग अगदी भडक. लाल म्हणजे लालच. मी तांबड्यात थोडा तपकिरी मिसळायला गेले, जरा शहरी दिसावं म्हणून. शिफूंनी वाटी काढून घेतली. "हे पोराचं आहे, बँकेचं नाही."

उरला चेहरा. त्याला 'खाय-श्यांग' म्हणतात, चेहरा उघडणं. आधीचे तीन शनिवार मी फक्त कागदावर भुवया काढत होते. चिनी कुंचला उभा धरायचा, टोक मुंगीच्या पायाएवढं, करंगळी टेकलेली. एक भुवई, एक फटकारा. आत जाताना जाड, बाहेर पडताना केस. दुरुस्ती नाही. त्यामागे साधं कारण आहे: खाली पांढऱ्याचा थर असतो, त्यावर ओला कुंचला दोनदा फिरला की खालचा रंग उठतो आणि गालावर डाग पडतो. काका दार का लोटायचे ते मला तिथं कळलं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, वूशीत.

डावी भुवई बरी आली. उजवी काढताना बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजला आणि ती किंचित वर चढली. डोळे काढले, ओठ काढले. ओठांचे कोपरे उचलले की आ-फू हसला खरा, पण चढलेल्या भुवईमुळे जरा संशयानं. जणू सिंहाला खायचं की नाही याचा विचार करतोय. मी शिफूंकडे बघितलं. त्यांनी मूर्ती हातभर लांब धरली. "जनावर येईल जवळ," त्या म्हणाल्या, "पण सावध राहील." वर पारदर्शक लेप दिला आणि काम संपलं.

ऑगस्टमध्ये, गणपतीच्या दोन आठवडे आधी, मी पेणला गेले. आ-फू हातातल्या बॅगेत, मुलाच्या दोन स्वेटरांमध्ये. काकांना थोडी मातीही हवी होती, पण माती अशी देशाबाहेर नेता-आणता येत नाही. कारखान्यात गुडघ्याएवढ्या गर्दीत गणपती उभे, काका आखणीला बसलेले. त्यांनी कुंचला ठेवला, आ-फूला उलटं केलं, बुडाच्या भोकात नख घातलं, खरवडलेली भुकटी चिमटीत चोळली.

"भाजलेला नाही?"

"नाही."

"आणि पाण्यात सोडत नाहीत?"

"नाही काका. पाण्यापासून जपतात. पन्नास-पन्नास वर्षं."

"मग भाजत का नाहीत?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. गाठीचा व्हिडिओ दाखवला. काकांनी तो बघितला, शाडूचा गोळा घेतला, वळी केली, वाकवली. तुटली. पाणी लावून पुन्हा केली, पुन्हा तुटली. बाजूची कामगार पोरं हसायला लागली तसे काकाही हसले. मग आ-फूला सरळ धरून म्हणाले, "उजवी भुवई चढलीय." आणि थोड्या वेळानं, "पण हात हलला नाही तुझा. आवाज झाला असेल." त्या दिवशी आखणीच्या वेळी त्यांनी दार लोटलं, पण मला आत राहू दिलं. मी व्हिडिओ घेतला.

आ-फू आता पेणच्या घरी शोकेसमध्ये आहे. पावसाळ्यात आई त्याला तांदळाच्या डब्यात ठेवते.

सप्टेंबरात वूशीला परतल्यावर पहिल्याच शनिवारी शिफूंना व्हिडिओ लावून दिला. त्यांनी फोन कुंचल्यांच्या बरणीला टेकवून ठेवला. काकांचा हात, गणपतीचा डोळा, पापणीची एकच लांब रेघ. शिफूंची उजव्या हाताची करंगळी टेबलावर टेकली. नंतर मीच पुढचा व्हिडिओ लावला, दीड दिवसाच्या विसर्जनाचा. पाट पाण्यात गेला, लाटेनं मूर्ती झाकली. त्यांना वाटलं, अपघात झाला. मी समजावलं, मुद्दाम, दर वर्षी, सगळ्याच.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "डोळेसुद्धा?"

"हो, डोळेसुद्धा."

त्यांनी स्वतःच बोटानं पडदा मागे सरकवला आणि पहिला व्हिडिओ पुन्हा सुरू केला, काकांचा हात दिसतो तिथून.